‘लाईन’ : एका इंग्रजी शब्दाचे अनेक अर्थ

परभाषेतून आलेले काही शब्द पाहुण्यासारखे चार दिवस राहून परततात, तर काही घरच्या माणसांसारखे वावरू लागतात. ‘लाईन’ हा इंग्रजी शब्द दुसऱ्या प्रकारातला होय. इंग्रजीचे एकही अक्षर न शिकलेल्या माणसाच्या बोलण्यात तो सहज येतो आणि ऐकणाऱ्यालाही तो सहज कळतो. मात्र ‘लाईन म्हणजे काय?’ असा प्रश्न केला, तर एकच एक उत्तर कोणालाही देता येणार नाही.

सोलापूर शहराच्या दक्षिणेस, विजापूर रस्ता व होटगी रस्ता यांच्या परिसरात वाढलेल्या जुळे सोलापूर या वसाहतीचेच उदाहरण घ्यावे. तेथे दिवसभरात हा शब्द किती निरनिराळ्या अर्थांनी कानी पडतो, हे पाहण्याजोगे आहे. ‘लाईन गेली’ म्हणजे वीज गेली. ‘लाईन फुटली’ म्हणजे रस्त्याखालचा पाण्याचा नळ फुटला. ‘लाईन लागत नाही’ म्हणजे दूरध्वनी जोडला जात नाही. ‘लाईन मोठी आहे’ म्हणजे दुकानापुढे किंवा कार्यालयाच्या खिडकीपुढे रांग आहे. ‘लाईनीच्या पलीकडे’ म्हणजे लोहमार्गाच्या दुसऱ्या बाजूस. ‘मुलाने कोणती लाईन घेतली?’ या प्रश्नाचा रोख शिक्षणाच्या शाखेकडे असतो, आणि ‘आमची लाईन वेगळी’ असे म्हणणारा मनुष्य आपल्या धंद्याविषयी बोलत असतो.

बोलणारा आणि ऐकणारा समोरासमोर असतात, तोवर या अनेकार्थाची अडचण भासत नाही. प्रसंग, हातवारे आणि मागचे बोलणे यांवरून अर्थ आपोआप उलगडतो. हाच शब्द कागदावर आला म्हणजे मात्र प्रश्न उभा राहतो. ‘लाईनच्या दुरुस्तीमुळे उद्या पुरवठा बंद राहील’ अशी सूचना फलकावर लागली, तर वाचणाऱ्याने पाणी भरून ठेवावे की कंदील पुसून ठेवावा? ‘लाईनपासून अंतर सोडून बांधकाम करावे’ असे घर बांधू इच्छिणाऱ्यास कळविले, तर ते अंतर डोक्यावरील विजेच्या तारांपासून मोजावयाचे, भूमीतील नळापासून मोजावयाचे, की रस्त्याच्या हद्दीपासून? एका शब्दाच्या संदिग्धतेपायी एखाद्या कुटुंबाचा पाण्याचा दिवस चुकू शकतो किंवा आयुष्याची पुंजी घालून उभारलेली भिंत अडचणीत येऊ शकते. यास्तव या शब्दाचा अभ्यास हा केवळ भाषाप्रेमींच्या कुतूहलाचा विषय राहत नाही.

धाग्यातून निघालेली रेषा

‘लाईन’ या शब्दाचे मूळ शोधू गेल्यास ते एका वनस्पतीपाशी जाऊन थांबते. ती वनस्पती म्हणजे जवस. लॅटिन भाषेत जवसाला ‘लिनम’ असे नाव आहे आणि वनस्पतिशास्त्रातील त्याचे नाव आजही ‘लिनम उसिटाटिसिमम’ असेच आहे. जवसाच्या खोडापासून निघणाऱ्या तंतूंचा धागा तो ‘लिनेआ’. हा लॅटिन शब्द दोन वाटांनी इंग्रजीत आला. प्राचीन इंग्रजीत तो दोर, दोरी आणि ओळ या अर्थांनी वावरत होता. पुढे फ्रेंच भाषेच्या द्वारे तोच शब्द रेषा या अर्थाने पुन्हा येऊन मिळाला. दोन्ही प्रवाह एकत्र झाले आणि आजचा बहुअर्थी शब्द तयार झाला. ‘लिनन’ हे कापड, कपड्याच्या आतील अस्तराला म्हणतात ते ‘लायनिंग’ आणि जवसाच्या बियांचे ‘लिनसीड’ हे सर्व याच कुळातले शब्द आहेत.

ताणलेला धागा हा सरळपणाचा पहिला नमुना होय. तो जमिनीवर धरला की रेषा उमटते, दोन खुंट्यांना बांधला की हद्द ठरते आणि त्याच्या कडेने वस्तू मांडल्या की ओळ तयार होते. रेषा, हद्द व ओळ हे तिन्ही अर्थ एकाच धाग्यात गुंफलेले आहेत.

सोलापूरकरांना हे निराळे समजावून सांगण्याची आवश्यकता नाही. १८७७ साली सुरू झालेल्या सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग मिलपासून, म्हणजेच लोकांच्या बोलण्यातील ‘जुन्या गिरणी’पासून, या शहराचे जीवन सुताशी बांधले गेले. येथील चादरीला भौगोलिक मानांकन मिळाले आहे. ताणा आणि बाणा, म्हणजे उभे आणि आडवे धागे, यांच्या मेळातूनच तिच्यावरील नक्षी उठते. ज्या जवसाच्या धाग्यापासून ‘लाईन’ शब्द निघाला, त्याच जवसाची चटणी या भागात भाकरीबरोबर आवडीने खाल्ली जाते. आपल्याकडे जवस तेलबी म्हणून ओळखले गेले आणि धाग्याचा मान कापसाने मिळविला, एवढाच काय तो फरक.

विशेष म्हणजे मराठीतही अर्थाचा असाच विस्तार एका शब्दात झालेला दिसतो. तो शब्द म्हणजे ‘सूत’. सूत म्हणजे धागा. सुतासारखा सरळ म्हणजे रेषेसारखा सरळ. सुतारकामात सूत हे मापही आहे. आठ सुतांचा एक इंच होतो. दोघांचे पटले की त्यांचे ‘सूत जमते’. ‘सूत्र’ या संस्कृत रूपाकडे वळले तर गणितातील सूत्र, व्याकरणातील सूत्र, मंगळसूत्र, नाटकाचा सूत्रधार आणि कारभाराची ‘सूत्रे हाती घेणे’ असा मोठा परिवार समोर येतो. हे सारे अर्थ इंग्रजीत न्यावयाचे झाल्यास तेथेही एक शब्द पुरणार नाही. अनेकार्थता हा कोणत्याही एका भाषेचा दोष नसून, जुन्या आणि वापरातल्या शब्दांचा तो स्वभावच आहे.

मार्ग आणि वसाहत

सोलापुरास ‘लाईन’ या शब्दाची ओळख रेल्वेने करून दिली असे म्हणता येईल. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा मार्ग १८६० साली सोलापूरपर्यंत पोहोचला आणि १८७१ साली तो रायचूरपर्यंत गेला. १८९७ साली बार्शी लाईट रेल्वेचा अडीच फूट रुंदीचा अरुंद मार्ग सुरू झाला. होटगीहून विजापूरमार्गे गदगकडे जाणारा फाटाही याच जिल्ह्यातून निघतो. ‘मेन लाईन’, ‘ब्रँच लाईन’, ‘छोटी लाईन’ हे शब्द त्यामुळे येथील लोकांच्या तोंडी बसले. जुन्या शहरातून जुळे सोलापूरकडे येताना लोहमार्ग ओलांडावा लागतो. म्हणून ‘लाईनीच्या अलीकडे’ आणि ‘लाईनीच्या पलीकडे’ ही दिशा सांगण्याची एक रीतच झाली आहे.

परंतु सोलापूर स्थानकाजवळील ‘रेल्वे लाईन्स’ या भागाच्या नावात ‘लाईन’ म्हणजे रूळ नव्हेत. इंग्रजी अमदानीत सैनिकांच्या छावणीत झोपड्या किंवा घरे सरळ ओळींत बांधली जात आणि त्या निवासाला ‘लाईन्स’ म्हणत. पोलिसांच्या निवासस्थानांना ‘पोलीस लाईन’ म्हणण्याची प्रथा त्यातूनच आली. अनेक शहरांतील ‘सिव्हिल लाईन्स’ या नावाचा उगमही तोच. येथे ‘लाईन’चा अर्थ वसाहत, चाळ किंवा निवासस्थाने असा होतो. ‘पोलीस लाईन’चे भाषांतर कोणी ‘पोलीस रेषा’ असे केले तर ते हास्यास्पद ठरेल. पुढे अनेकवचनी ‘लाईन्स’ हे रूप सरकारी पत्त्यांतच राहिले आणि बोलण्यात एकवचन रूढ झाले. त्यामुळे मुळातील ओळींची आठवणही पुसट झाली.

वाहून नेणारी लाईन

आधुनिक जीवनात या शब्दाचा सर्वांत अधिक वापर होतो तो काही तरी वाहून नेणाऱ्या साधनासाठी. भीमा नदीवरील उजनी धरणाचे पाणी शंभर किलोमीटरहून अधिक लांबीच्या नळांतून सोलापुरास आणले जाते. पाणीपुरवठ्याची पाळी दिवसांनी मोजण्याची सवय सोलापूरकरांना दीर्घकाळ लागलेली असल्याने ‘पाईपलाईन’ हा शब्द येथे तांत्रिक राहिलेलाच नाही. वाढत्या गरजेसाठी दुसऱ्या नळमार्गाची योजना आखण्यात आली, तेव्हा ‘समांतर जलवाहिनी’ हा शब्द वृत्तपत्रांतून घरोघरी पोहोचला. भूमितीच्या पुस्तकातील ‘समांतर’ हे विशेषण असे पाण्याच्या चिंतेशी जोडले गेले.

विजेच्या बाबतीत सोलापूरच्या लाईनला राष्ट्रीय महत्त्व आहे. ३१ डिसेंबर २०१३ रोजी रायचूर-सोलापूर ही ७६५ किलोव्होल्ट क्षमतेची पारेषण वाहिनी कार्यान्वित झाली आणि दक्षिणेकडील राज्यांचे वीजजाळे उर्वरित देशाच्या जाळ्याशी एकाच वारंवारतेवर जोडले गेले. त्या दिवसापासून संपूर्ण भारताचे वीजजाळे एक झाले. दीडशे वर्षांपूर्वी ज्या दोन शहरांना लोहमार्गाने जोडले, त्याच दोन शहरांमधून विजेची ही वाटही गेली. इंग्रजीत दोहोंनाही ‘लाईन’ म्हणतात. मराठीत एक ‘लोहमार्ग’ आहे आणि दुसरी ‘वीजवाहिनी’. मराठी वाचकाला नावावरूनच कळते की एकीवरून गाडी जाते आणि दुसरीतून वीज वाहते.

येथे ‘वाहिनी’ या शब्दाचा विचार करणे अगत्याचे आहे. जलवाहिनी, वीजवाहिनी, मलनिस्सारण वाहिनी, दूरध्वनी वाहिनी असे अनेक शब्द त्याच्या साहाय्याने घडले. वाहून नेणे हा धर्म ज्या ज्या लाईनचा, तिला तिला हा शब्द शोभतो. शरीरातील रक्तवाहिनी आणि दूरचित्रवाणीची वाहिनी यांनाही तो लागू पडतो. संस्कृतात वाहिनी म्हणजे नदी आणि वाहिनी म्हणजे सेनाही. म्हणजे एका अनेकार्थी शब्दातून सुटका करून घेताना आपण दुसऱ्या अनेकार्थी शब्दाचा आश्रय केला. मात्र येथे एक लाभ आहे. ‘वाहिनी’मागे ‘जल’ किंवा ‘वीज’ जोडल्यावर संदेह उरत नाही. तेवढी काळजी घेतली नाही आणि सूचनेत नुसते ‘वाहिनीची दुरुस्ती’ असे लिहिले, तर वाचणारा जेथल्या तेथेच राहतो.

मर्यादा घालणारी लाईन

काही लाईन वाहून नेत नाहीत. त्या अडवितात किंवा वेगळे करतात. शेताचा बांध, गावाची शीव, राज्याची सीमा आणि मालकीची हद्द यांना इंग्रजीत सरसकट लाईन म्हणता येते. मराठीने प्रत्येकीला स्वतंत्र नाव दिले आहे, कारण शेतकऱ्याच्या दृष्टीने बांध आणि शीव या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बांधावरून भाऊबंदांत तंटा होतो, शिवेवरून दोन गावांत.

नागरी कायद्यातही अशी एक लाईन आहे. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, १९४९ यामधील कलम २१० अन्वये महानगरपालिकेस सार्वजनिक रस्त्याची ‘नियमित रेषा’ ठरविता येते. ही रेषा जमिनीवर आखलेली दिसत नाही. ती नकाशावर असते. तरीही तिच्या आत नवे बांधकाम करता येईल की नाही, हे तिच्यावरून ठरते. नव्याने वाढणाऱ्या वसाहतींत घर घेणाऱ्याने आणि बांधणाऱ्याने हा शब्द नीट समजून घेणे त्याच्याच हिताचे आहे. येथे ‘लाईन’ऐवजी ‘रेषा’ हाच शब्द योग्य, कारण ती काही वाहून नेत नाही.

‘दारिद्र्यरेषा’ ही तर केवळ आकड्यांनी ओढलेली रेषा. ती डोळ्यांना दिसत नाही, हातांना लागत नाही. पण तिच्या वर की खाली या एका प्रश्नावर अनेक कुटुंबांना मिळणारा आधार अवलंबून राहिला आहे. शब्दाचा अर्थ कळणे आणि हक्क कळणे या गोष्टी किती जवळच्या आहेत, हे या शब्दावरून ध्यानी येते.

याच गटातील ‘डेडलाईन’चा इतिहास विलक्षण आहे. अमेरिकेतील यादवी युद्धात, १८६४ साली, अँडरसनव्हिल येथील युद्धकैद्यांच्या तळावर कुंपणाच्या आत एक हद्द आखलेली होती. ती ओलांडणाऱ्या कैद्यावर पहारेकरी गोळी झाडीत. तिला ‘डेडलाईन’ म्हणत. पुढे त्या शब्दातील मृत्यू नाहीसा झाला आणि काम पुरे करण्याची शेवटची तारीख एवढाच अर्थ उरला. मराठीत यासाठी ‘अखेरची मुदत’ हा सरळ शब्द आहे. त्यात रेषा नाही आणि मरणही नाही. तरी अर्थ पुरेपूर पोहोचतो. शब्दास शब्द ठेवण्यापेक्षा अर्थास शब्द शोधणे श्रेयस्कर, याचा हा उत्तम दाखला होय.

क्रम लावणारी लाईन

माणसे एकामागे एक उभी राहिली की रांग होते, अक्षरे एकापुढे एक बसली की ओळ होते, आणि जेवणारे शेजारी शेजारी बसले की पंगत होते. इंग्रजी शब्द येथेही एकच चालू शकेल, पण पंगतीला रांग म्हणणारा मराठी माणूस विरळाच. सोलापूर जिल्ह्याचे मुख्य पीक असलेल्या रब्बी ज्वारीची पेरणी तिफणीने ओळीत होते आणि दोन ओळींत साधारणतः ४५ सेंटिमीटर अंतर ठेवण्याची शिफारस आहे. या ओळींना शेतकरी तास किंवा काकर म्हणतो.

याच ज्वारीच्या संदर्भात ‘लाईन’चा आणखी एक शास्त्रीय अर्थ आढळतो. डेन्मार्कचे शास्त्रज्ञ विल्हेल्म योहान्सेन यांनी १९०३ साली घेवड्याच्या बियांवरील प्रयोगांतून ‘प्युअर लाईन’ ही कल्पना मांडली. एकाच झाडापासून स्वपरागणाने चालत आलेल्या संततीला हे नाव आहे. स्थानिक वाणांतून उत्तम झाड निवडून त्याची संतती वाढविण्याच्या पद्धतीला या कल्पनेने आधार दिला. मोहोळ येथे स्थानिक मालदांडीतून निवडलेला ‘मालदांडी ३५-१’ हा वाण निवड पद्धतीचे सुपरिचित फळ आहे. येथे ‘लाईन’ म्हणजे वंश. ‘शुद्ध रेषा’ असे भाषांतर केले तर विद्यार्थी गोंधळेल. ‘शुद्ध वंशक्रम’ म्हटले तर त्याला चटकन उमजेल.

शब्दांच्या बाह्य सारखेपणाने फसू नये, हेही येथे नमूद केले पाहिजे. दवाखान्यातील ‘सलाईन’चा ‘लाईन’शी काही संबंध नाही, तो शब्द मिठावरून आला आहे. गवंड्याचा ‘ओळंबा’ हा ‘ओळ’ शब्दाचा नातेवाईक वाटतो, पण त्याचे मूळ ‘अवलंब’ म्हणजे टांगणे यात आहे.

शासनव्यवहार आणि लोकभाषा

महाराष्ट्र राज्याच्या स्थापनेनंतर १९६० सालीच भाषा संचालनालय स्थापन झाले. १९६२ मध्ये ‘पदनाम कोश’ आणि १९७३ मध्ये ‘शासन व्यवहार कोश’ प्रसिद्ध झाला. १९६४ च्या महाराष्ट्र राजभाषा अधिनियमाने मराठीस राजभाषेचे स्थान दिले. या कामात भाषांतरकारांपुढील सर्वांत कठीण प्रश्न अवघड इंग्रजी शब्दांचा नव्हता. अवघड शब्दाला बहुधा एकच अर्थ असतो आणि त्याला एक पारिभाषिक प्रतिशब्द देऊन काम भागते. खरी कसोटी लागते ती ‘लाईन’, ‘चार्ज’, ‘ऑर्डर’, ‘केस’ अशा रोजच्या शब्दांपाशी. ‘चार्ज’ म्हणजे कुठे कार्यभार, कुठे आकार, कुठे दोषारोप, तर जमिनीच्या कागदपत्रांत बोजा. ‘ऑर्डर’ म्हणजे आदेश, क्रम, सुव्यवस्था आणि मालाची मागणीही.

अशा वेळी काही प्रश्न स्वतःस विचारल्यास योग्य शब्द सापडतो. ही लाईन काही वाहून नेते काय? असल्यास वाहिनी किंवा मार्ग. ती काही वेगळे करते वा अडविते काय? असल्यास रेषा, सीमा, हद्द किंवा मुदत. ती काही क्रमाने मांडते काय? असल्यास ओळ, रांग किंवा वंशक्रम. तेथे माणसे राहतात काय? असल्यास वसाहत. उत्तर मिळाले की शब्दही मिळतो. विद्यार्थ्यांनी इंग्रजी शब्दाचा एकच अर्थ पाठ करण्याऐवजी त्याचे वाक्यातील काम ओळखण्याची सवय लावून घेतली, तर दोन्ही भाषांवर त्यांची पकड बसेल.

याचा अर्थ बोलण्यातून ‘लाईन’ हद्दपार करावी असा नव्हे. सोलापुरात मराठीबरोबर तेलुगू, कन्नड, उर्दू व हिंदी या भाषा घराघरांत बोलल्या जातात. तेलंगणातून आलेले विणकर, सीमेलगतचे कन्नड भाषक आणि मराठी भाषक एकाच नळावर व एकाच दुकानी भेटतात, तेव्हा ‘लाईन’ हा शब्द सर्वांना सारखाच आपला वाटतो. विजेच्या खांबावर चढणाऱ्या कर्मचाऱ्यास महावितरणने ‘जनमित्र’ असे सुंदर नाव दिले. तरी अंधार झाला की लोक ‘लाईनमन’लाच हाक मारतात. त्या हाकेत काही चूक नाही.

बोलण्यातील शब्द सोयीसाठी असतो, तर सूचना, नोटीस आणि नकाशा यांतील शब्द जबाबदारीचा असतो. पहिल्या ठिकाणी ‘लाईन’ चालेल. दुसऱ्या ठिकाणी ती पाण्याची, विजेची, रस्त्याची की मुदतीची, हे स्पष्ट लिहिलेच पाहिजे. एवढा विवेक लिहिणाऱ्याने पाळला, तर फलकापुढे उभ्या असलेल्या नागरिकास कोणाला विचारण्याची गरज पडणार नाही. आणि ज्यास असे वाचावयास मिळाले नसेल, त्यानेही ‘कोणती लाईन?’ असे निःसंकोचपणे विचारून घ्यावे. तो त्याचा अधिकार आहे.